पुढची फिट कधी येईल ते कुणी सांगणार नाही : ज्यांच्या मुलाला नुकत्याच फिट्स यायला लागल्या अशा आईबाबांसाठी

पहिली फिट आली तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. ओठाचा एक कोपरा उडायला लागला, मग डोळे एका बाजूला गेले, मग त्याच बाजूचा हात. मी तिला उचलून घरभर पळत होते. फिट किती वेळ चालली, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी ठामपणे म्हणाले, "अर्धा तास." नवऱ्याच्या फोनमधल्या कॉलच्या नोंदीवरून नंतर हिशेब लावला, तर जेमतेम दोन मिनिटं भरली.

हा लेख मला त्या रात्री हवा होता. तुमच्या मुलाचं नेमकं काय, ते मुलांचे न्यूरॉलॉजिस्टच सांगतील. पण दोन भेटींच्या मधले दिवस घरच्यांनाच काढायचे असतात, आणि मी त्या दिवसांबद्दल लिहिते आहे. पुढची फिट कधी येणार, औषध लागू पडणार का, कायमचं जाणार का, यांची खात्री कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. पहिलं वर्षभर मी 'कधी'च्या मागे धावले. 'आली तर काय करायचं' याची उत्तरं एकेक करून हाताशी आली, तेव्हा कुठे मला झोप लागायला लागली.

पहिली पायरी : फिट चालू असताना

आधी घड्याळ बघा आणि वेळ मोठ्याने म्हणा. "आठ वाजून दहा." तोंडाने म्हटलेली वेळ लक्षात राहते, नुसती बघितलेली राहत नाही.

मग मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, चष्मा काढा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा. हातपाय दाबून धरू नका. दाबून झटके थांबत नाहीत, उलट हाड किंवा सांधा दुखावतो. तोंडात काहीही घालू नका. चमचा नको, बोट नको, पाणी नको, रोजची गोळी तर नकोच. जीभ गिळली जाते हा समज खोटा आहे. जीभ चावली जाऊ शकते, पण ती भरून येते. तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर मात्र जिवावर बेततं. मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत घोटभरही काही पाजू नका.

अंग ताठ होऊन झटके येणाऱ्या बहुतेक मोठ्या फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली की ती आपणहून थांबण्याची शक्यता घटत जाते, आणि अर्ध्या तासापलीकडे मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून रेघ पाच मिनिटांवर ओढलेली आहे. तेवढ्यात थांबली नाही तर तातडीचं औषध द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. फिट आयुष्यातली पहिलीच असेल, एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, किंवा थांबल्यावरही श्वास नीट वाटत नसेल, तर पाच मिनिटांचीही वाट बघू नका.

तातडीचं औषध म्हणजे मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे किंवा गालाच्या आत सोडायचं द्रव, नाहीतर गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम. ते घरात असावं का, हे पहिल्याच भेटीत विचारा. असेल तर किती मिनिटांनी द्यायचं, किती द्यायचं, दुसऱ्यांदा द्यायचं का, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. डोस वजनावर ठरतो, म्हणून मूल वाढलं की जुनी चिठ्ठी बाद. या औषधाने झोप येते आणि कधी श्वास मंदावतो, तेव्हा दिल्यावर मुलापासून हलू नका. मुदत संपल्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. आमची एक बाटली आठ महिने शिळी निघाली होती, आणि ते कळलं ते अशा वेळी की ज्या वेळी कळायला नको होतं.

फिट थांबल्यावर मूल गाढ झोपेल, चिडेल, रडेल किंवा बोलताना अडखळेल. कधीकधी एका बाजूचा हात किंवा पाय काही वेळ लुळा राहतो. याला टॉड्स पाल्सी म्हणतात आणि तो बहुधा दीड दिवसाच्या आत पूर्ववत होतो. पण पहिल्यांदा असं दिसलं तर घरी थांबून वाट बघण्यात अर्थ नाही, दाखवायला न्याच.

दुसरी पायरी : व्हिडिओ आणि वही

घरात दुसरं माणूस असेल तर त्याने व्हिडिओ काढायचा. तुम्हाला क्रूर वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत फिट संपलेली असते, आणि डॉक्टरांना बघायला मिळतं ते झोपलेलं मूल आणि घाबरलेले आईबाप. चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असं धरा. मध्ये एकदा नावाने हाक मारा, म्हणजे मूल प्रतिसाद देतं का हेही नोंदलं जाईल.

सुरुवात कुठून झाली हे सगळ्यांत मोलाचं. एका बाजूच्या ओठापासून, एका हातापासून की एकदम सगळ्या अंगाला? डोळे आणि मान कुठल्या बाजूला वळली? यावरून फिट मेंदूच्या एका भागातून निघाली की दोन्ही बाजूंनी एकदम, याचा अंदाज येतो, आणि औषधाची निवडही त्यावर ठरते.

सगळ्या फिट्समध्ये अंग झटकत नाही. ॲब्सेन्स फिटमध्ये मूल बोलता बोलता पाच ते वीस सेकंद थिजतं, पापण्या फडफडतात आणि मग जणू काही झालंच नाही असं वाक्य पुढे चालू होतं. दिवसातून कित्येकदा होतं. शाळेत त्याला 'लक्ष नाही' म्हणतात. गालावर हात लावला, हाक मारली, तरी तंद्री मोडली नाही तर संशय घ्या.

आणि एक प्रकार असा आहे की जो दिसतो अगदी किरकोळ, पण एक दिवसही दवडू नये. तीन महिने ते वर्षभराचं बाळ, बहुतेक वेळा झोपेतून उठल्यावर, अचानक मान खाली घालून हात पसरतं, सैल पडतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, अशा ओळीने होतं. पोटदुखी किंवा दचकणं समजून आठवडे निघून जातात. याला इन्फंटाइल स्पाझम्स म्हणतात. विल्यम वेस्ट या इंग्लिश डॉक्टराने १८४१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून याचं पहिलं वर्णन केलं, आणि ज्या बाळाचं वर्णन केलं ते त्याचं स्वतःचं होतं. त्याच्याकडे उपाय नव्हता. आज एसीटीएच, प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन ही औषधं आहेत, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितका बाळाच्या वाढीला फायदा. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा.

वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, झोपेत की जागेपणी, आदल्या रात्रीची झोप, ताप, चुकलेला डोस, नुकताच बदललेला डोस, आणि दर महिन्याचं वजन. एवढं पुरे. मी सुरुवातीला त्या दिवशी काय खाल्लं, कुठले कपडे घातले, चंद्र कुठे होता, सगळं लिहायचे. माणसाचं मन कशातूनही नमुना शोधून काढतं. तीन फिट्स गुरुवारी आल्या म्हणून आम्ही गुरुवारला घाबरायला लागलो. चौथी रविवारी आली. खरोखर फरक पडतो तो मोजक्या गोष्टींनी: चुकलेला डोस, अपुरी झोप, ताप किंवा आजारपण, आणि काही थोड्या मुलांत लुकलुकणारा प्रकाश. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी एका कार्टून मालिकेत लाल-निळा उजेड वेगाने लखलखला आणि सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. तरीही अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार (मिरगी), असलेल्या फार थोड्या मुलांना, शंभरांत साधारण तिघांना, प्रकाशाचा त्रास असतो. ईईजी या मेंदूच्या तपासणीच्या वेळी दिव्याची चाचणी करून ते कळतं, तेव्हा विनाकारण टीव्ही बंद करून भांडण ओढवून घेऊ नका.

कारण शोधूनही सापडलं नाही तर 'आपलंच काहीतरी चुकलं' असं मनात धरू नका. पुष्कळ फिट्सना त्या दिवसाचं असं काही कारणच नसतं.

तिसरी पायरी : निदान समजून घेणं

एक फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना नुसत्या तापाने फिट येते. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश मुलांना तापात ती पुन्हा येते, पण बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. अपस्मार कशाला म्हणायचं याची व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मार-विरोधी संघाने २०१४ मध्ये नव्याने मांडली: उघड कारण नसताना चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन फिट्स, किंवा एकच, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता साठ टक्के किंवा त्याहून जास्त, किंवा अपस्माराचा एखादा ठराविक सिंड्रोम, म्हणजे लक्षणांचा ओळखीचा गट, ओळखू आला तर.

ईईजी हा शब्द ऐकला की सगळ्यांना वाटतं, आता कळेल. नेहमीचा ईईजी मेंदूतल्या विजेची साधारण अर्ध्या तासाची नोंद असतो. त्या अर्ध्या तासात काही घडलंच नाही तर तो नॉर्मल येतो, आणि अपस्मार असलेल्यांपैकी कितीतरी जणांचा पहिला ईईजी नॉर्मलच येतो. उलट, कधीच फिट न आलेल्या काही मुलांच्या ईईजीत गडबड दिसते. म्हणून ईईजी पुराव्याचा एक भाग. तुमचा व्हिडिओ दुसरा. झोपेतला ईईजी जास्त सांगतो, आणि त्यासाठी मुलाला आदल्या रात्री जागवायला सांगतात. ती रात्र कठीण जाते, दोघांनी पाळ्या लावा.

डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या: फिट कुठल्या प्रकारची? सिंड्रोमचं नाव देता येतं का? कारण सापडलं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढचा बराच काळ उलगडून सांगतं. उदाहरणार्थ, झोपेत तोंडाच्या एका बाजूने सुरू होणारा, पूर्वी रोलँडिक म्हणत तो प्रकार, बहुतेक मुलांमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत आपोआप जातो. ड्रॅव्हे सिंड्रोम मात्र बहुधा आयुष्यभर सोबत राहतो आणि त्यात नेहमीची काही औषधंच फिट्स वाढवतात. दोन्हीला 'फिट्स येतात' असंच म्हणतात, म्हणून शेजारच्यांच्या ओळखीतल्या मुलाचं काय झालं, यावरून आपल्याबद्दल काहीच ठरवू नका.

चौथी पायरी : औषध, आणि ते लागू पडायची वाट

औषध कमी डोसने सुरू होतं आणि हळूहळू वाढतं. या काळात फिट आली तर 'औषध फुकट गेलं' असं ठरवायची घाई होते. मी केली होती. अनेकदा पुरेसा डोस अजून व्हायचाच असतो. लॅमोट्रिजिन तर मुद्दाम आठवडे आठवडे रखडत चढवतात, कारण घाईत वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. नवं औषध सुरू केल्यावर पुरळ दिसलं, तोंडात फोड आले, तर फोन करा, उद्यावर टाकू नका.

आकडे सांगते, कारण मला ते कुणी सांगितले नव्हते. ग्लासगोच्या एका केंद्रातला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी उपचार न घेतलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या फिट्स पहिल्या औषधावर थांबल्या, आणखी १३ टक्क्यांच्या दुसऱ्यावर. त्यापुढे तिसरं औषध किंवा दोन एकत्र करून फक्त ४ टक्क्यांची भर पडली. त्यात बहुतेक मोठी माणसं होती आणि मुलांचं चित्र सिंड्रोमप्रमाणे बरंच बदलतं. तरी पहिलं औषध फसणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, डॉक्टरांची किंवा तुमची चूक नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुष्परिणाम फिट्सइतकेच नीट लिहा. लेव्हेटिरासेटामवर काही मुलं भयंकर चिडकी होतात. आमची गुणी पोर दारं आपटायला लागली, आणि दोन महिने आम्ही तिला रागावत बसलो. वहीत डोसाची तारीख आणि पहिल्या आदळआपटीची तारीख शेजारी शेजारी दिसली तेव्हा डोळे उघडले. टोपिरामेटवर शब्द आठवायला वेळ लागतो, घाम कमी येतो. व्हॅल्प्रोएट प्रभावी आहे, पण गरोदरपणात बाळाला धोकादायक, म्हणून मुलगी असेल तर मोठेपणीचा विचार आत्ताच विचारा. आणि काही औषधं चुकीच्या प्रकाराला दिली तर त्रास वाढवतात: कार्बामाझेपिनने ॲब्सेन्स फिट्स वाढू शकतात. औषध सुरू केल्यावर फिट्स वाढल्या असं वाटलं तर ते बोलून दाखवा. तो भ्रम असेलच असं नाही.

रोजच्या गोष्टी थोडक्यात. औषध आपल्या मनाने कधीही एकदम बंद करू नका, त्याने लांबलेली फिट ओढवू शकते. डोस चुकला तर, आणि घेतल्यावर लगेच उलटी झाली तर काय करायचं, हे आधीच विचारून कपाटाच्या दारावर चिकटवा. दोन वेळांचे वेगळे खण असलेली गोळ्यांची डबी घ्या, "दिली का?" "मला वाटलं तू दिलीस" हा संवाद तिच्यामुळे संपतो. आठवडाभराचा साठा कायम जास्तीचा ठेवा. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांना कळवा. आणि वर्षभर सगळं ठीक असताना अचानक फिट आली तर आधी वजन करा. मूल वाढलं आणि डोस तेवढाच राहिला, असं पुष्कळदा होतं.

पाचवी पायरी : दोन औषधं हरली तर

योग्य निवडलेली, पुरेशा डोसात दिलेली दोन औषधं फिट्स थांबवू शकली नाहीत, तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. हे ऐकून पायाखालची जमीन सरकते. पण नेमक्या याच वेळी अपस्माराच्या मोठ्या केंद्रात दाखवायला हवं, आणि इथेच घरं वर्षानुवर्षं चौथं, पाचवं, सहावं औषध बदलत थांबून राहतात. शस्त्रक्रिया म्हणजे 'शेवटचा उपाय' हा समज जुना झाला. दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले: १८ वर्षांपर्यंतच्या, औषधांना दाद न देणाऱ्या मुलांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांतली ७७ टक्के वर्षभरानंतर फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. प्रत्येक मूल शस्त्रक्रियेला योग्य नसतं आणि धोकेही असतात, पण तपासून 'नाही' ऐकणं वेगळं आणि न विचारताच राहणं वेगळं.

दुसरा मार्ग कीटोजेनिक आहार. खूप स्निग्ध, अगदी थोडं पिष्टमय, असा हा आहार १९२१ पासून वापरात आहे. लंडनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या, न घेणाऱ्यांत ६ टक्के. व्हिडिओ बघून घरच्या घरी तो सुरू करू नका. रक्त आणि लघवी तपासावी लागते, प्रत्येक घास ग्रॅममध्ये मोजावा लागतो, आणि खोकल्याच्या सिरपमधली साखरसुद्धा हिशेबात धरतात. ग्लुट-१ कमतरता नावाच्या दुर्मीळ विकारात मात्र हा आहारच पहिला उपचार. याशिवाय छातीत बसवायचं, मानेतल्या व्हेगस नसेला विद्युत स्पंदनं देणारं उपकरण आहे. त्याने फिट्स कमी होतात, पूर्ण थांबणं विरळा.

सहावी पायरी : कुठे सांभाळायचं, कुठे सोडायचं

पाण्याशी तडजोड नाही. बादलीभर पाण्यातसुद्धा मूल बुडू शकतं. आंघोळीला शॉवर बरा, दाराला आतून कडी नको, पोहताना हाताच्या अंतरावर सगळं माहीत असलेलं मोठं माणूस हवं. उंचावर चढणं आणि रहदारीत सायकल चालवणं याबद्दल डॉक्टरांशी बोला. बाकी खेळ, सहली, दंगा चालू द्या. घरात बसवून ठेवलेल्या मुलालाही फिट येतेच. फरक इतकाच की तोवर ते मूल खेळलेलं नसतं.

झोपेतल्या अचानक मृत्यूबद्दल तुम्ही मध्यरात्री वाचलंच असणार. ते खरं आहे आणि दुर्मीळ आहे: अपस्मार असलेल्या ४,५०० मुलांमागे वर्षाला साधारण एक. धोका सगळ्यांत जास्त असतो तो झोपेत वारंवार मोठ्या फिट्स येत असतील तर. म्हणून त्या फिट्स आटोक्यात आणणं आणि डोस न चुकवणं हेच हातातलं काम. मुलाच्या खोलीत झोपायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी तीन वर्षं झोपले.

शाळेला एक पान द्या, जास्त नको: फिट कशी दिसते, काय करायचं, काय करायचं नाही, कितव्या मिनिटाला कुणाला फोन. वर मुलाचा फोटो. बदली शिक्षकांनाही ते दाखवा, कारण फिट नेमकी त्यांच्याच तासाला यायची. वर्गातल्या मुलांना आधी सांगितलेलं बरं. आमच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "मला लागेल का?" बाईंनी नाही म्हटल्यावर त्याने लगेच डबा उघडला. मुलांचं तेवढ्यावर भागतं. भावंडांचं भागत नाही. त्यांना रात्रीची धावपळ दिसते आणि कुणी काही सांगत नाही. धाकट्याला आम्ही वेळ मोजायचं काम दिलं. तो ते फार गंभीरपणे करतो.

सातवी पायरी : औषध थांबवायची वेळ

साधारण दोन वर्षं फिट आली नाही, तर बऱ्याच मुलांच्या बाबतीत औषध हळूहळू कमी करायचा विचार होतो. सगळ्यांच्या नाही, काही सिंड्रोममध्ये ते चालूच ठेवावं लागतं. बंद केल्यावर ढोबळमानाने दहातल्या तिघांना फिट परत येते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पहिल्या वर्षातच. परत आली तर औषध पुन्हा सुरू करतात आणि बहुतेकांच्या फिट्स पुन्हा आटोक्यात येतात. परीक्षा, प्रवास किंवा आजारपण तोंडावर असेल तर निर्णय महिनाभर पुढे ढकलायला सांगा, डॉक्टर ऐकतात.

आमचं एकदा फसलं. चौदा महिने कोरडे गेले, आम्ही हुरळलो, आणि तापात पुन्हा आली. दिवस पुन्हा शून्यापासून मोजावे लागले. आता दोन वर्षं आणि चार महिने झाले आहेत. गेल्या सोमवारपासून तिची संध्याकाळची गोळी अर्धी झाली. तातडीच्या औषधाची नवी बाटली आणली, चिठ्ठीवर आजचं वजन घातलं, शाळेचं पान बदलून दिलं. ती विचारत होती, अर्धी गोळी राहिली की उरलेल्या अर्ध्या गोळीचं काय करायचं. डबीतच ठेव म्हटलं, उद्याला लागेल.